खुणेचा पाइन

१

शनिवारी सौना, म्हणजे वाफेने न्हायची लाकडी खोली, तापवायची ही आमच्याकडची रीत. कुणी जन्मो, कुणी मरो, शनिवार चुकत नाही. दुपार कलली की सायमा भट्टीत बर्चची लाकडं रचायची, मी तळ्यातून बादल्या भरून आणायची, आणि संध्याकाळपर्यंत भट्टीवरचे दगड असे तापायचे की दार उघडताच कान पोळावेत. मग आम्ही दोघी बहिणी वरच्या फळीवर बसायचो. ओगराळ्याने दगडांवर पाणी टाकलं की चर्र आवाज करत वाफ उठायची, आणि आम्ही बर्चच्या ओल्या डहाळ्यांच्या जुडीने एकमेकींच्या पाठी झोडून काढायचो. जीव घाबरा झाला की बाहेर पडायचं आणि धक्क्यावरून सरळ तळ्यात.

सायमा माझी थोरली बहीण. ती याच घरात राबली, नवऱ्याला पोचवलं, एकुलत्या एका मुलाला, तौनोला, वाढवलं. मी, लेम्पी, शहरात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये खुर्चीला चिकटून राहिले. आयुष्यभर लोकांचे आवाज एका तारेतून दुसऱ्या तारेत जोडत बसले. त्यामुळे माझे कान चांगले आहेत आणि माझा कशावर चटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर, तळं गोठायच्या थोडं आधी, तौनो मुइक्कू माशांची जाळी काढायला होडी घेऊन गेला. होडी नदीच्या मुखाशी उलटी सापडली. जाळी सापडली, त्याची टोपी सापडली. तौनो सापडला नाही. पुरायला काहीच नव्हतं, म्हणून अंत्यविधीही झाला नाही. मी थोड्या दिवसांसाठी म्हणून आले होते, ती राहूनच गेले.

आमचं तळं, कुइक्कायार्वी, फार सुंदर आहे. पलीकडून दरी हिरवीगार उतरत येते. तिच्यातून धावत आलेली नदी मुखाशी आल्यावर अशी शांत होते की पाणी वाहतंय की थांबलंय ते कळू नये. मग बेटं, बेटांवरचे पाइन, पाण्यातली त्यांची उलटी रांग, आणि उन्हाळ्यातली ती संपता न संपणारी संध्याकाळ. परगावचे लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. एकदा एक बाई मला म्हणाली, "किती नशीबवान हो तुम्ही, रोज हे बघता!" मी म्हटलं, "हो ना." दुसरं काय म्हणणार? माझ्या भाच्याला गिळून बसलेल्या पाण्याला इतकं देखणं दिसायचा काय अधिकार आहे, हे त्या बाईला विचारून काय उपयोग होता!

सौनेतून शेवटी निघणाऱ्याने एक करायचं असतं. बादलीत थोडं पाणी शिल्लक ठेवायचं, एक ओगराळं दगडांवर टाकायचं आणि मागे न बघता दार लावायचं. उरलेली ऊब आधी गेलेल्यांसाठी. आमची आई करायची, तिची आई करायची. मीही करते. विश्वास असो नसो, हात आपोआप जातो.

२

जूनमधल्या एका शनिवारी आम्ही न्हाऊन वर घरी आलो होतो आणि ओल्या केसांनी पायरीवर कॉफी पीत बसलो होतो. सूर्य बेटांच्या वर रेंगाळत होता. तळ्यावर वारा नव्हता. उताराच्या खाली सौना, तिच्यापुढे काठावरचा जुना पाइन, आणि पाइनच्या बुंध्यापासून पाण्यात गेलेला लाकडी धक्का. सगळं समोर दिसत होतं.

आणि खालून आवाज आला. चर्र.

तापल्या दगडावर पाणी पडल्याचा आवाज आम्हाला कुणी सांगावा लागत नाही. जरा थांबून पुन्हा आला, या खेपेला मोठा. वाफ नीट अंगावर घेणारा माणूस असंच पाणी टाकतो. आधी थोडं, मग दम खाऊन जास्त.

"छपरातून ठिबकलं असेल," मी म्हटलं. पाऊस होऊन कितीतरी दिवस झाले होते.

सायमाने कप तोंडाशी धरला होता. ती पितही नव्हती आणि कप खालीही ठेवत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर भीती असती तर मला बरं वाटलं असतं. शेजारच्या खोलीत पोर उठलं का, हे आई कान देऊन ऐकते ना, तशी ती ऐकत होती.

"दुसऱ्यांदा जास्तच टाकतो," ती म्हणाली. "बापासारखा."

मी कॉफी संपवून कप आत नेले. पुढच्या शनिवारी मात्र तिला न सांगता बादली काठोकाठ भरून आत ठेवली. रविवारी सकाळी जाऊन बघितलं तर बादली रिकामी. उलटी करून, उजेडात धरून पाहिली, कुठे भोक नव्हतं. वरच्या फळीवर आम्हा दोघींच्या जागा केव्हाच सुकल्या होत्या. भिंतीच्या कोपऱ्यात तिसरी एक जागा ओली होती. मी हात फिरवला आणि नाकाशी नेला. तळ्याच्या तळाशी जो काळा गाळ असतो, त्याचा वास.

बाहेर गवतावर दव होतं. धक्क्यापासून पाइनच्या बाजूने सौनेच्या दारापर्यंत गवत दबलं होतं, आणि तसंच परत पाण्याकडे. पाणमांजर असणार, असं मी ठरवलं. फळीवर बसलं तेही पाणमांजर, बादली प्यायलं तेही पाणमांजर. त्या मुक्या जनावराला मी आयुष्यात इतकं श्रेय कधी दिलं नव्हतं.

३

मग सायमा टॉवेल ठेवू लागली. खुंटीवर आमचे दोन असायचे, त्याच्या शेजारी तिसरा.

"हा कुणाचा?"

"तौनोचा."

"सायमा, अगं..."

"ओल्या अंगाने परत जावं लागतं त्याला. एक टॉवेल ठेवला तर तुझं काय जातंय?"

"माझं काही जात नाही. तुझं डोकं जातंय."

तिने माझ्याकडे वळून बघितलं. "काय गं एक्स्चेंजवाली बाई, तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते दिसायचं का तुला? तरी जोडत होतीसच ना?"

मी बादल्या उचलल्या आणि पाण्याकडे गेले.

तो उन्हाळा मुलखाचा सुंदर होता. पलीकडच्या दरीत जांभळी फुलं गुडघाभर वाढली होती, कुइक्का पक्ष्यांची जोडी पिल्लं पाठीवर घेऊन खाडीत फिरत होती, आणि पाणी इतकं नितळ की धक्क्यावरून तळाचे दगड मोजावेत. सायमा यातलं काही बघत नव्हती. ती फक्त शनिवारची वाट बघायची. सोमवारी, मंगळवारी निमूट काम करायची, बुधवारनंतर जेवणावरची वासना उडायची. राईच्या पावाचा तुकडा चघळत बसायची आणि तोच तुकडा ताटात ठेवून उठायची. गालाची हाडं वर आली. मी ओरडले, चिडले, एकदा तर हाताने भरवायला गेले.

एका शनिवारी न्हाणं झाल्यावर मी केस विंचरायला आत गेले आणि बाहेर आले तर पायरीवर ती नव्हती. खाली धावले. सायमा धक्क्याच्या पलीकडे छातीभर पाण्यात उभी होती, अंगावर कपडे तसेच, तोंड नदीच्या मुखाकडे. पाणी सोनेरी झालं होतं आणि तिच्याभोवती एक लहरही नव्हती.

"सायमा!"

"ओरडू नकोस. आत्ताच गेला तो. पाठोपाठ गेले तर गाठीन म्हटलं."

"गाठशील आणि काय करशील?"

"शनिवारपर्यंत फार थंडी असते गं त्याला तिकडे."

मी आत उतरले, तिच्या अंबाड्याला धरलं आणि अक्षरशः ओढत काठावर आणलं. तिचे दात वाजत होते. मला लग्न नाही, मूल नाही. या पृथ्वीच्या पाठीवर माझं म्हणावं असं एवढं एकच माणूस उरलं होतं. काठावर तिचं ओलं डोकं मांडीवर घेऊन मी रडले आणि तळ्याला उघड शिव्या दिल्या. एक नेलास, दुसरी नेऊ देणार नाही, असंही म्हणाले.

४

खाडीपलीकडे एमेली नावाचा म्हातारा राहायचा. होडी वल्हवत यायचा, मासे द्यायचा आणि बदल्यात कॉफीचे तीन कप रिचवून जायचा. सायमा झोपली होती. मी त्याला झाला प्रकार सांगितला, म्हणजे पाण्यातला. सौनेतला सांगणार नव्हते. पण म्हातारा सगळं ऐकून भलतंच विचारता झाला.

"पोराची खूण केली नाहीत ना तुम्ही?"

मला लगेच कळलं तो काय म्हणतोय. आमच्याकडे माणूस गेला की त्याला पोचवायला नेताना वाटेत एका झाडापाशी थांबतात. साल तासून त्याच्या नावाचं अक्षर, मृत्यूचं वर्ष आणि क्रूस कोरतात. गेलेला घरच्या ओढीने परत निघाला तर वाटेत स्वतःची खूण वाचतो, आपण मेलोय हे त्याला कळतं आणि तो माघारी फिरतो. सायमाच्या नवऱ्याची खूण चर्चच्या रस्त्यावरच्या स्प्रूसच्या झाडावर होती. तौनोला कुठे पोचवलंच नव्हतं, त्यामुळे त्याला झाडही मिळालं नव्हतं.

"एमेली, तुम्ही अजून चंद्रावर कुणी गेलं नाही म्हणता. तुमचं काय ऐकायचं?"

"नसेना का ऐकायचं. पण गेलेला परत येतोय, हीच तक्रार आहे ना तुझी?"

"मी तसं म्हटलंच नाही."

"नाही म्हटलंस," तो म्हणाला आणि साखरेचा खडा दातात धरून कॉफी ओढली. "सायमाला विचारू नकोस. ती नाहीच म्हणेल. आई कशाला पोराची वाट अडवेल? आणि एक लक्षात ठेव. खूण केलेल्या झाडाला परत हत्यार लावायचं नाही. माझ्या आत्याच्या नवऱ्याने लावलं होतं. ओंडका सुकायच्या आत स्वतः गेला."

"कशाने?"

"झाड तोडल्याने," एमेली म्हणाला आणि कप पुढे केला.

५

मी सरळ विचार केला. मेलेले परत येत नाहीत. पण ते येतात असं सायमाला वाटतं, तर खुणेने ते थांबतात असंही तिला वाटणार. एक वेड दुसऱ्या वेडाने काढायचं. तौनो चर्चच्या रस्त्याने येणार नव्हता, पाण्यातून येणार होता. म्हणजे झाड पाण्याकाठचं हवं. धक्क्याच्या तोंडाशी तो जुना पाइन होताच.

शनिवारी न्हाणं झाल्यावर मी सायमाला दुधातून झोपेची गोळी दिली. ती अंथरुणावर पडली तरी खिडकीकडे कान लावून होती. डोळे मिटेपर्यंत मी तिचा हात धरून बसले. मग कुऱ्हाड आणि तौनोचाच मासे चिरायचा सुरा घेऊन खाली गेले.

ऊन तिरकं पडलं होतं. पाइनची साल तांबूस चमकत होती. पाण्याच्या बाजूने बुंध्याखाली जमीन खचलेली, निसरडे दगड, उभं राहायला जागा नाही. म्हणून मी अलीकडच्या बाजूला उभी राहिले, सौनेकडे पाठ करून. हातभर साल तासली. आतलं लाकूड पांढरं आणि ओलसर निघालं. मग कोरायला घेतलं. आधी अक्षर, मग वर्ष, मग क्रूस. चिकाचा वास येत होता. तळ्यावर कुइक्का ओरडला, तेवढाच काय तो आवाज.

क्रूसाची आडवी रेघ पुरी झाली आणि माझ्या पाठीमागे चर्र झालं.

मी तळ्याकडे तोंड करून उभी होते. आवाज पाठीमागून, बंद दाराआडून, सौनेतून आला होता. मग थोडी शांतता. मग दुसऱ्यांदा, जास्त.

दगड थंड होताना तडकतात, हे मला माहीत आहे. मी तेच मनाशी म्हणत उताराने वर गेले. सौनेच्या दारावरून जाताना मी दाराकडे बघितलं नाही, आणि घरी पोचल्यावर कडी लावली. आमच्या गावात दाराला कडी कुणी लावत नाही.

६

शनिवार सरला तरी आवाज थांबेना.

रविवारी, सोमवारी, रोज. भट्टी पेटलेली नसायची, दगड थंडगार असायचे. त्यामुळे आता चर्र होत नव्हतं. नुसतं पाणी पडायचं. थंड दगडांवर पाणी पडल्याचा तो सपक आवाज, थोडं थांबून पुन्हा, मग पुन्हा. एक्स्चेंजमध्ये कधीकधी एखादा माणूस लागत नसलेला नंबर परत परत मागायचा. त्याचा आवाज दर वेळी थोडा खाली यायचा. मला तेच आठवत राहिलं.

सायमा आधी हरखली. "राहिला," म्हणाली. "बघितलंस? राहिला तो!" रोज भट्टी पेटवू लागली. हिवाळ्यासाठी रचलेली बर्चची लाकडं भराभर संपू लागली. जेवायला लागली, गाणं गुणगुणू लागली. दाराबाहेर लोणी लावलेला पाव ठेवायची. तो पाव कुणी खायचं नाही, मुंग्या लागायच्या.

आणि गवतात वाट पडली. पाणमांजराची म्हणावी अशी राहिली नव्हती ती. सौनेच्या दारापासून पाइनपर्यंत, आणि पाइनपासून परत दारापर्यंत. पाण्यापर्यंत ती जातच नव्हती. पाइनपाशी गवत पार मरून काळी ओली माती वर आली होती, येरझारा घालून घालून होते तशी.

एमेली मासे घेऊन आला. होडी बांधली, धक्क्यावरून चालत आला, पाइन ओलांडला आणि मागे वळून बघितलं. खूण बघून त्याने टोपी काढली.

"कोणत्या अंगाला कोरलीस ही?"

"म्हणजे?"

"अगं बाई, येणाऱ्याला दिसायला हवी ती. तोंड पाण्याकडे हवं होतं. ही तर घराकडे बघतेय." तो हलक्या आवाजात बोलत होता. "येणारा आला सरळ. जायला निघाला की वाचतो, आणि माघारी फिरतो, पुन्हा घराकडे."

मी म्हटलं, मी ती तासून टाकते. तो म्हणाला, तासशील तर खूण मोठी होईल, दुसरं काही होणार नाही. मासे पायरीवर ठेवून, कॉफी न घेता तो निघून गेला. त्याला कॉफी न घेता जाताना मी पहिल्यांदाच बघत होते.

मी वळले तर सायमा सौनेच्या कोपऱ्याशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती पाइनपाशी आली, अक्षरावर बोट ठेवलं.

"तू केलंस?"

"हो."

"तो आत असताना?"

"मला काय माहीत, सायमा? मी तुझ्यासाठी केलं. तू पाण्यात उभी होतीस."

ती चिडली नाही. चिडली असती तर मी भांडले असते. ती त्या मेलेल्या गवताकडे बघत राहिली. "मला वाटलं, माझ्यासाठी राहिला," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून तिने भट्टी पेटवली नाही. संध्याकाळी आम्ही पायरीवर बसायचो आणि खालून ते पाणी पडत राहायचं. मग दार करकरायचं. मग काही वेळ शांतता, इथून पाइनपर्यंत जायला लागतो तेवढा वेळ. मग परत दार. समोर तळं, बेटं, दरीतून उतरणारं धुकं, सगळं रंगात न्हालेलं. कुणाला दाखवलं असतं तर म्हणाला असता, इथे दुःख ते काय असणार!

"झाड तोडायचं," सायमा एकदा म्हणाली.

"एमेली काय म्हणाला ते माहितीये ना?"

"माहितीये."

"मग नाही. मी असेपर्यंत नाही."

ती बरं म्हणाली. लहानपणापासून ती अशी बरं म्हणाली की मनातलंच करते, हे मला समजायला हवं होतं.

७

शनिवारी संध्याकाळी मी मुइक्कू राईच्या पिठात घोळवून लोण्यात तळत होते. खिडकी उघडी होती. खालून करवतीचा आवाज आला.

दोन्ही टोकांना मुठी असलेली, दोघांनी ओढायची मोठी करवत होती आमच्याकडे. ती एकट्याने ओढली तर पातं लवतं, अडखळतं, खडखडतं. हा आवाज सलग होता. ओढ, आणि पलीकडून ओढ. ओढ, आणि पलीकडून ओढ. मला वाटलं एमेली मदतीला आला. त्याचा राग आला आणि सायमा एकटी नाही म्हणून बरंही वाटलं. मी खिडकीतून डोकावले. एमेलीची होडी तळ्याच्या मध्यावर होती. त्याचा लाल शर्ट स्पष्ट दिसत होता, गळ टाकून बसला होता.

मी चुलीवरचं तसंच टाकून पळत सुटले.

सायमा पाइनच्या अलीकडे एका गुडघ्यावर बसली होती. बुंधा रुंद, पलीकडचं दिसत नव्हतं. पातं तिच्याकडे यायचं तेव्हा ती जोर लावायची. पलीकडे जायचं तेव्हा तिचे हात मुठीवर सैल पडलेले असायचे, आणि पातं तरीही जायचं. ताठ, सरळ, जाणत्या हाताने ओढल्यासारखं.

मी सौनेच्या कोपऱ्याशी थांबले. तिथून बुंध्यापलीकडचं जेवढं दिसत होतं तेवढंच सांगते. करवतीच्या मुठीवर आवळलेली हाताची मूठ. तिच्यावर उतरलेली लोकरीच्या स्वेटरची बाही, आणि त्या बाहीतून पाणी गळत होतं, थांबतच नव्हतं. सायमाच्या बाजूला भुसा पिवळा, कोरडा पडला होता. त्या बाजूला त्याचा चिखल झाला होता. मी एक पाऊल बाजूला टाकलं असतं तर सगळंच दिसलं असतं. मी ते टाकलं नाही. कुणी विचारलं तर मी म्हणते, माझ्या पायात घसरत्या खडावा होत्या.

पाइन कण्हला, झुकला आणि धक्क्यावरून आडवा तळ्यात गेला. भुशाचा लोट उठला. पाणी उसळून पार बेटांपर्यंत लाटा गेल्या. त्या ओसरता ओसरता फांद्यांच्या पलीकडे मला एक पाठ दिसली. खांदे, मान, मागून दिसणारं ओलं डोकं. नदीच्या मुखाकडे, खोल पाण्याच्या दिशेने चालत होती. घाई नव्हती, रेंगाळणंही नव्हतं. पाणी खांद्यांवर आलं, मग डोक्यावर आलं. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

तळं पुन्हा सपाट झालं. आकाश गुलाबी होतं, ते तळ्यात उतरलं. दरी उतरली, बेटं उतरली. इतकं सुंदर ते मी कधी पाहिलं नव्हतं, आणि कधी इतका रागही आला नव्हता.

सायमा काठावर बसली होती. बूट काढून बाजूला ठेवले होते आणि पाय पाण्यात सोडले होते. डोळ्यांत भुसा गेल्याने ती रुमालाचं टोक ओलं करून डोळे टिपत होती.

"अख्खं झाड कापलं आम्ही," ती म्हणाली. "समोरासमोर. एकदासुद्धा बघितलं नाही गं त्याने माझ्याकडे. नजर सगळी पाण्याकडे." ती थोडं पुढे सरकली. घोटे बुडाले होते, आता पोटऱ्या बुडाल्या. "थंडी वाजायची म्हणून यायचा. एवढंच. माझ्यासाठी नाही."

"सायमा, मागे ये."

"जाताना तरी वळला का? मला दिसलं नाही. तू तिथे उभी होतीस ना?" ती आणखी सरकली. गुडघे पाण्यात गेले. "लेम्पी, खरं सांग. वळला?"

मी आयुष्यभर तिच्या भुताखेतांना हसले होते. नाही म्हटलं असतं तर ती त्याला विचारायला गेली असती. नुसतं हो म्हटलं असतं तरी गेली असती, त्याच्या मागोमाग.

"वळला," मी म्हटलं. "गळ्याइतक्या पाण्यात थांबला आणि वळला. तुझ्याकडे बघितलं. आणि हात असा केला." मी तळवा पुढे करून दाखवला, होडीत यायचा हट्ट धरणाऱ्या पोराला काठावरच थांब म्हणून दाखवतात तसा. "येऊ नकोस, असं."

सायमा माझ्या हाताकडे बघत राहिली. माझा उजवा हात होता.

"कुठला हात?"

तौनो डावखुरा होता. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पण ते मला आठवायला एक क्षण लागला.

"डावा," मी म्हटलं. "डावा हात."

वर घरातून मासे करपल्याचा वास यायला लागला होता. मग तिने एक पाय पाण्यातून वर घेतला. मग दुसरा.

"बूट दे माझे," ती म्हणाली.